लालबागचे खासदार नेमके कोण? गिरगावातल्या एका कात्रण-वाचनालयाचा अनुभव

आमच्या लालबागच्या इमारतीच्या स्मरणिकेत गेल्या वर्षी मी 'आपले खासदार' नावाचा एक पानभर तक्ता दिला होता. लालबाग आज दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघात येते, तेव्हा त्या मतदारसंघाच्या खासदारांची नावे १९५२ पासून क्रमाने लावली की काम झाले, असा माझा सरळ हिशेब होता. स. का. पाटील, जॉर्ज फर्नांडिस, डॉ. कैलास, रतनसिंह राजदा, मुरली देवरा, जयवंतीबेन मेहता, मिलिंद देवरा, अरविंद सावंत अशी ती मालिका छापून आली, आणि प्रकाशनाच्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी, ज्यांचे उभे आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात गेले, स्मरणिका उघडून ते पान माझ्यापुढे धरले. "दत्ता सामंतांना मत दिलंय मी. देवरांचं नावसुद्धा आमच्या मतपत्रिकेवर नव्हतं. ही यादी कुणाच्या खासदारांची छापलीस तू?"

नानांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते, हे कळायला मला गिरगावातल्या एका खाजगी कात्रण-वाचनालयात तीन खेपा घालाव्या लागल्या. त्या सेवेविषयी हे परीक्षण आहे. चालवणाऱ्यांना प्रसिद्धी नको आहे आणि मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत, म्हणून नाव-पत्ता देत नाही. चर्नी रोड स्थानकाच्या पूर्वेला चौकशी केली तर जुन्या पुस्तकवाल्यांपैकी कुणीही रस्ता दाखवील.

लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर गेले की दोन खोल्या लागतात. आतल्या खोलीत छतापर्यंत पोचलेल्या मांडण्या आहेत आणि त्यांवर नाडीने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या फायली आहेत. बाहेरच्या खोलीत चार टेबले, एक पंखा आणि सूची-कार्डांचे खण आहेत. ज्या गृहस्थांनी ही कात्रणे जमवली ते आता नाहीत; त्यांची सून आणि एक मदतनीस मुलगी मिळून हा व्याप सांभाळतात. दिवसाचे वाचनशुल्क शंभर रुपये आहे. स्वतः शोधायचे नसेल तर एका विषयाची कात्रणे काढून देण्याचे तीनशे रुपये वेगळे पडतात आणि झेरॉक्स पानाला पाच रुपये. फायलींजवळ पेन न्यायला बंदी आहे, पेन्सिल चालते. हा नियम मला पटला, कारण मागच्या पिढीतल्या एका वाचकाने शाईने केलेले शेरे अनेक कात्रणांवर अजून शिल्लक आहेत आणि ते बहुतेक चुकीचे आहेत.

या जागेची खरी दौलत फायलींमध्ये नसून सूची-कार्डांच्या दुसऱ्या खणात आहे. पहिला खण मतदारसंघांच्या नावांप्रमाणे लावलेला आहे, तसा तो कुठल्याही ग्रंथालयात सापडेल. दुसरा खण मात्र वस्त्यांच्या नावांप्रमाणे आहे. 'करी रोड', 'काळाचौकी', 'खेतवाडी', 'लालबाग' अशी एकेक कार्डे आणि प्रत्येक कार्डावर ती वस्ती कोणत्या निवडणुकीत कोणत्या लोकसभा मतदारसंघात होती, याची नोंद. ज्या नोंदी अधिकृत आदेशाशी ताडून पाहिल्या आहेत त्या शाईने आणि ज्या ताडायच्या राहिल्या त्या पेन्सिलीने, असा भेदही मूळ गृहस्थांनी कटाक्षाने पाळला आहे. लालबागच्या कार्डावर १९७७ पासून २००४ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीसमोर शाईने 'दक्षिण मध्य' लिहिलेले आहे आणि २००९ समोर, थोड्या थरथरत्या अक्षरात, 'दक्षिण'. नानांचा सगळा युक्तिवाद त्या एका कार्डात होता.

घडले ते असे. १९७७ पासून मुंबईला लोकसभेच्या सहा जागा आहेत आणि तो आकडा आजही तोच आहे, परंतु २००८ मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, त्या पुनर्रचनेत त्या सहा नावांखालचे शहर बदलले. त्याआधीच्या दक्षिण मुंबईत कुलाबा, मुंबादेवी, मलबार हिल यांच्या जोडीला उमरखाडी, खेतवाडी आणि ऑपेरा हाउस अशी विधानसभेची क्षेत्रे होती, तर परळ, शिवडी, वरळी, चिंचपोकळी हा गिरण्यांचा पट्टा दक्षिण मध्य मुंबईत मोडत असे. नव्या रचनेत उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाउस ही नावे विधानसभेच्या यादीतून नाहीशी झाली, वरळी, शिवडी आणि भायखळा दक्षिण मुंबईला जोडले गेले आणि 'दक्षिण मध्य' ही पाटी उचलून माहीम, वडाळा, सायन कोळीवाडा, धारावी, चेंबूर आणि अणुशक्तीनगर या क्षेत्रांवर नेऊन लावली गेली. पाटी हलली आणि माणसे जागच्या जागी राहिली. मी पाटीचा इतिहास छापला होता. नानांना माणसांचा हवा होता.

याचा सर्वांत बोलका पुरावा २००९ च्या फायलीत मिळतो. स्वतःला 'परळ ब्रँड' शिवसैनिक म्हणवणारे मोहन रावले १९९१, १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असे पाच वेळा दक्षिण मध्य मुंबईतून निवडून आले आणि २००९ ला दक्षिण मुंबईतून उभे राहिले. नावांच्या यादीत पाहणाऱ्याला वाटेल की त्यांनी मतदारसंघ बदलला. वस्तुतः ते आपल्याच लोकांपुढे उभे होते, फक्त त्या लोकांच्या मतदारसंघाचे नाव बदलले होते आणि त्यात मलबार हिल, कुलाब्याची भर पडली होती. त्याच वर्षी दक्षिण मध्यमधून निवडून आलेले एकनाथ गायकवाड २००४ मध्ये उत्तर मध्यमधून, तेव्हाचे लोकसभा अध्यक्ष मनोहर जोशी यांना हरवून, संसदेत गेले होते. त्यांचीही गोष्ट बरीचशी तीच, फक्त पाटी वेगळी.

दक्षिण मुंबईतली २००९ ची लढत तिरंगी झाली आणि तिचा निकाल या फायलीत पानाच्या कडेला पेन्सिलीने बेरीज करून ठेवलेला आहे. काँग्रेसचे मिलिंद देवरा यांना २,७२,४११ मते, मनसेचे बाळा नांदगावकर यांना १,५९,७२९ मते आणि रावले थेट तिसऱ्या स्थानावर. नांदगावकर आणि रावले यांची बेरीज देवरांच्या मतांहून तीस हजारांनी अधिक भरते. पाच वर्षांनी मनसेची ती हवा ओसरली तेव्हा शिवसेनेचे अरविंद सावंत सव्वा लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले, २०१९ ला एक लाखाच्या थोडे पुढे आणि २०२४ ला, पक्ष फुटल्यानंतर, ठाकरे गटाकडून शिंदे गटाच्या यामिनी जाधव यांच्याविरुद्ध ५२,६७३ मतांनी. या तिन्ही विजयांचे विश्लेषण करताना 'देवरांचा बालेकिल्ला ढासळला' असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मुरली देवरांचा जो बालेकिल्ला होता त्यात लालबाग-परळ नव्हतेच, ही साधी गोष्ट त्यात सुटते. आणि त्या जुन्या बालेकिल्ल्यातसुद्धा भाजपच्या जयवंतीबेन मेहता १९९६ आणि १९९९ अशा दोनदा निवडून आल्या होत्या.

वाचनालयात सर्वाधिक हाताळली गेलेली फाईल अर्थातच १९६७ च्या दक्षिण मुंबईची आहे. तिच्या पुठ्ठ्याचे कोपरे झिजून कापडासारखे मऊ पडले आहेत. तीनदा मुंबईचे महापौर, केंद्रात मंत्री आणि शहराचे अनभिषिक्त राजे म्हणवले जाणारे स. का. पाटील, आणि त्यांच्यासमोर संयुक्त समाजवादी पक्षाचा छत्तीस वर्षांचा कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस. आपल्याला कोण पाडणार, या पाटलांच्या आविर्भावाला फर्नांडिसांच्या कार्यकर्त्यांनी 'तुम्ही पाडू शकता' असे मतदाराला सांगणाऱ्या भित्तिपत्रकांनी उत्तर दिले आणि पाटील पडले. गोष्ट चविष्ट आहे आणि वर्तमानपत्रांनी ती चवीने रंगवली आहे, म्हणून फाईल जाड. पण मदतनीस मुलीने सांगितले की तिथे येणाऱ्या दहातले आठ जण हीच फाईल मागतात आणि तिथेच थांबतात, ते काही मला बरे वाटले नाही.

कारण त्याच निवडणुकीत मुंबई मध्य दक्षिण या मतदारसंघातून कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे निवडून आले होते आणि त्या फाईलीच्या नाडीची गाठ इतकी घट्ट बसली होती की ती सोडवायला आम्हाला पाच मिनिटे लागली. गिरणगावाचे राजकारण समजून घ्यायचे तर डांगे १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत आणि १९६७ मध्ये काँग्रेसविरोधी हवेत कसे निवडून आले, आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनानंतरच्या परळच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार कसे झाले, हे सलग वाचायला हवे. ती पोटनिवडणूक विधानसभेची असूनही मूळ गृहस्थांनी तिची कात्रणे लोकसभेच्या फायलीत 'पुढे पाहा' अशी चिठ्ठी लावून ठेवली आहेत. पुढे पाहिले की १९८९ चे पान येते आणि त्यावर दक्षिण मध्य मुंबईचे खासदार म्हणून हेच महाडिक भेटतात. असे दुवे कुठल्याही संकेतस्थळावरच्या तक्त्यात सापडत नाहीत आणि तीनशे रुपये वसूल होतात ते इथे.

नानांच्या मताची फाईल मात्र मी मुद्दाम शेवटी मागितली. डिसेंबर १९८४ ची निवडणूक म्हणजे इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूतीची लाट, देशभर काँग्रेसला चारशेहून अधिक जागा, आणि त्या लाटेत दक्षिण मध्य मुंबईतून डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आलेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप तोवर हातातून गेला होता, घराघरांतली भांडी विकली गेली होती, कित्येक कुटुंबे कोकणात परतली होती, आणि तरीही ज्या माणसाच्या शब्दावर संप केला त्यालाच लोकांनी दिल्लीला पाठवले. या फाईलीत एक लहानसे छायाचित्राचे कात्रण आहे. मतदान केंद्राबाहेरची रांग, पुढे चौकड्यांच्या लुंगीतला एक माणूस, त्याच्या कडेवर मूल, आणि मुलाच्या हातात बापाची मतदार चिठ्ठी. वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दोन्ही कात्रीत गेले आहेत. मी त्याची झेरॉक्स घेतली. त्यात चिठ्ठी पांढरी आणि बाकी सगळे काळे आले.

आता तक्रारींकडे वळतो. झेरॉक्स यंत्र जुने आहे आणि छायाचित्रांच्या बाबतीत पाच रुपये वाया जातात. भ्रमणध्वनीने फोटो काढायला परवानगी नाही, तिचे कारण विचारले तर 'पूर्वीपासून नाही' एवढेच मिळते. तारखा कापल्या जाणे हा दुसरा दोष. जिथे निकालाचा दिवस ठाऊक आहे तिथे निभावते, परंतु प्रचारातली भाषणे कोणत्या आठवड्यातली, हे कळायला मार्ग उरत नाही. खोलीत दमट वास आहे आणि पावसाळ्यात फायली हाताला चिकटतात. दुपारी एक ते तीन वाचनालय बंद असते, ही गोष्ट दारावर न लिहिता एक वाजता टेबलाशी येऊन सांगितली जाते. पहिल्या दिवशी मी त्या दोन तासांत बाहेर पीयूष पिऊन आणि रस्त्याच्या सावलीच्या बाजूने दोन फेऱ्या मारून वेळ काढला.

मोठी चूक दुसऱ्या खेपेला झाली. मी 'दक्षिण मध्य' मागितले होते आणि मला 'मध्य दक्षिण' काढून दिले गेले. ऐकायला हे एकच वाटते, पण १९६२ ते १९७१ च्या निवडणुकांतला मध्य दक्षिण आणि १९७७ नंतरचा दक्षिण मध्य यांच्यामध्ये एक अख्खी पुनर्रचना उभी आहे. अर्धा दिवस मी विठ्ठल बाळकृष्ण गांधी १९६२ ला कसे निवडून आले हे वाचत बसलो आणि १९७७ चे बापू चंद्रसेन कांबळे, १९८० चे न्यायमूर्ती आर. आर. भोळे ही मला हवी असलेली नावे काही येईनात. चूक लक्षात आणून दिल्यावर बाईंनी क्षमा मागितली, "काका, ही गफलत सगळ्यांचीच होते," असे म्हणाल्या, पण शोधाचे तीनशे रुपये दुसऱ्यांदा लावलेच. ज्या वाचनालयाची सगळी ख्याती नावांपलीकडे जाऊन पाहण्याची, त्याने नावावरून फसावे आणि भुर्दंड वाचकाने भरावा, हे मला खटकले, आणि ते मी अभिप्रायाच्या वहीतही लिहून आलो आहे.

चुकून हाती आलेल्या त्याच गठ्ठ्याच्या तळाशी मात्र १९५२ ची फाईल निघाली आणि ती माझ्या मते या संग्रहातली सर्वोत्तम फाईल आहे. त्या पहिल्या निवडणुकीत मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एकाच मतदारसंघातून दोन खासदार, त्यांतला एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. उमेदवारागणिक वेगळी पेटी असे, आणि या देशभरच्या पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक आपल्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झालेल्या होत्या. मतदाराने दोन्ही मते एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकली तर त्यांतले एक बाद होई. या राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसच्या नारायण सदोबा काजरोळकरांकडून ते साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले. सर्वसाधारण जागा काँग्रेसच्याच विठ्ठल गांधींनी जिंकली. निकालानंतर आंबेडकर आणि समाजवादी अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली आणि तिच्यात डांगे यांच्या पक्षाने मते वाया घालवण्याचा प्रचार केल्याचा आक्षेप होता. 'बाबासाहेब मुंबईत हरले' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले असते. ते कोणत्या पद्धतीच्या मतदानात हरले, दोन मतांपैकी दुसरे मत कुणाला द्यायचे यावर प्रचार कसा फिरला आणि बाद मतांचा प्रश्न एवढा का पेटला, हे सलग वाचायला मला वयाच्या साठीत प्रथमच मिळाले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले, म्हणून आजच्या कुणालाही ती मतपेट्यांची रांग डोळ्यांसमोर आणणे अवघड जाते.

संग्रहात 'सीमा' नावाची एक वेगळी फाईल आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर काँग्रेशनल डिस्ट्रिक्टच्या सीमा नव्याने आखतात आणि बहुतेक राज्यांत तिथली विधिमंडळेच ते काम करतात, म्हणून सत्ताधारी पक्षाने सोयीच्या वाकड्यातिकड्या सीमा काढल्याचा आरोप तिथे नेहमीचाच असतो. आपल्याकडे हे काम स्वतंत्र आयोग करतो आणि त्याच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. शिवाय १९७६ च्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली गेली, ती अजून १९७१ च्या जनगणनेवरच उभी आहे; २००८ मध्ये फक्त आतल्या सीमा, २००१ च्या जनगणनेप्रमाणे, हलल्या. म्हणजे एका पिढीला आपला मतदारसंघ एकदाच बदललेला दिसतो आणि तोही ती विसरते. या फायलीत मुंबईच्या नकाशांवर १९६७, १९७७ आणि २००९ च्या सीमा तीन रंगांच्या पेन्सिलींनी एकावर एक काढलेल्या आहेत. हा नकाशा त्यांनी छापून विकायला काढावा, मी पहिली प्रत घेईन.

यंदाच्या स्मरणिकेसाठी नवा तक्ता मी शाईच्या नोंदींवरच बेतला आहे, त्यामुळे तो १९७७ पासून सुरू होतो: कांबळे, भोळे, सामंत, महाडिक, पाच वेळा रावले, आणि मग २००९ च्या आडव्या रेषेखाली मिलिंद देवरा व अरविंद सावंत. कच्चे पान नानांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून सामंतांच्या ओळीवर बोट ठेवले, 'अपक्ष' हा शब्द दोनदा वाचला आणि मग त्या आडव्या रेषेकडे बोट नेऊन विचारले, "ही रेघ कशाची?" ते समजावून सांगता सांगता दिवेलागण झाली. पुढच्या आठवड्यात रंगीत नकाशा पाहायला त्यांनाही घेऊन जाणार आहे. जिना उंच आहे, म्हणून बाईंना आधी फोन करून खालच्या मजल्यावर खुर्ची मिळेल का, ते विचारून ठेवले आहे.